दारातला उकिरडा, डोंगरातला झरा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडच्या खेड्यांवर दोन पानी टिपण छापले होते. हवा स्वच्छ, डोंगर हिरवे, वस्ती विरळ, आणि तरीही पटकी (कॉलरा), विषमज्वर (टायफॉइड), देवी, खरूज यांच्या तावडीतून ही खेडी सुटली नाहीत, एवढाच त्याचा गाभा होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : डोंगरातल्या विरळ वस्तीत एवढी घाण साचतेच कशी? माणसे आळशी होती की अडाणी? (एक वाचक, कराड)

ही माणसे घाण जपून साठवत होती, आणि त्याला कारण होते. आपल्याकडे सोनखत हा शब्द आहे. तिथल्या मजुराला त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.

गावात खोपटे असलेल्या मजुराकडे किंवा विणकराकडे स्वतःची जमीन नसे. वर्षभराचे पोट बटाट्यावर. मग शेजारच्या शेतकऱ्याशी ठराव होई : जमीन तुझी, नांगरट तुझी, खत माझे. मजुराने आपले खत त्या तुकड्यात घालायचे, बटाटा लावायचा आणि पीक घरी न्यायचे. शेतकऱ्याला पुढच्या वर्षीच्या धान्यासाठी खतावलेली जमीन आयती मिळे. म्हणजे ज्याचा उकिरडा मोठा, त्याच्या घरी बटाटा जास्त. शेण, चुलीची राख, भाज्यांची साले, माणसाचा मैला, मोरीचे पाणी, सगळे दाराशेजारच्या ढिगावर जायचे आणि वसंतात गाडी भरून शेतात. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. इथे तो दरवर्षी फिटत होता.

अडचण जागेची होती. ढीग दारात, रस्त्याच्या कडेला, कारण तिथे फेकायला सोपा आणि गाडीत भरायला सोपा. स्कॉटलंडच्या पावसात त्याचे काळे पाणी सतत झिरपत राही. गावची विहीर म्हणजे पुष्कळदा आपल्या आडासारखी खोल नव्हे. जमिनीच्या पातळीवर दगडांनी बांधलेला उघडा खड्डा, त्यात बादली बुडवायची आणि उचलायची. बादलीचा तळ अंगणात टेकलेला असे, तोच पुढे विहिरीत बुडे. दोन लाकडी बादल्यांच्या मध्ये एक मोठे कडे धरून बायका पाणी आणत. त्या कड्यामुळे बादल्या घागऱ्यापासून दूर राहत आणि पाणी हिंदकळून कपडे भिजत नसत. डोक्यावर चुंबळ घेऊन दोन घागरी आणणाऱ्या बाईला त्या कड्याचे मोल कळेल. पण एवढ्या कष्टाने आणलेल्या पाण्यात वरच्या अंगाच्या पाच-सहा उकिरड्यांचा निचरा मिसळलेला असे.

कोळ्यांच्या गावात याच्या जोडीला शिंपले. लांब दोरीच्या शेकडो गळांना आमिष म्हणून मुळ्यांसारख्या शिंपल्यांतले मांस लावत. ते काम बायकामुलांचे, घरात किंवा दारात बसून. रिकाम्या शिंपल्यांचा आणि माशांच्या आतड्यांचा ढीग तिथेच पडे, आणि त्यालाही खत म्हणून गिऱ्हाईक असे. विणकरांच्या आणि लोकर कातणाऱ्यांच्या घरांत मूत्राचे पिंप असे. मूत्र शिळे झाले की त्यात अमोनिया तयार होतो, तो लोकरीतली चरबी काढतो आणि रंग पक्का करतो. पश्चिमेकडच्या बेटांवर नवे कापड आटवताना ते त्यातच भिजवून घोळत.

लुईस बेटावरच्या ‘काळ्या घरां’त तर माणसे आणि गुरे एकाच छपराखाली, एकाच दारातून ये-जा करत. दोन दगडी भिंती, मध्ये मातीची भर, वर गवताचे छप्पर, धुराडे नाही. मधोमध पीटचा विस्तव. (पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे कुजलेल्या वनस्पतींचा थर, कापून वाळवला की जळण.) गोठा उताराच्या बाजूला, म्हणजे मूत्र माणसांकडे येत नसे. हिवाळाभर शेण तिथेच साठे आणि वसंतात गोठ्याकडची भिंत उघडून बाहेर काढत. धुराने काजळलेले छपराचे गवतही उतरवून शेतात घालत. शेतीच्या हिशेबाने ही चोख व्यवस्था होती, हे आम्ही मनापासून म्हणतो. फुप्फुसांच्या, डोळ्यांच्या आणि आतड्यांच्या हिशेबाने मात्र ती महाग पडली.

घरांचा एक आकडा सांगण्यासारखा आहे. १८६१ च्या शिरगणतीत स्कॉटलंडमध्ये पहिल्यांदा खिडकी असलेल्या खोल्या मोजल्या. सुमारे एक तृतीयांश घरे एकाच खोलीची निघाली आणि जवळजवळ ८ हजार घरांना एकही खिडकी नव्हती. यात शहरेही आली. झोपायला कपाटासारखी खाट, थंडी लागू नये म्हणून तिला लाकडी दारे. क्षयाच्या खोकल्याला आणि उवांना याहून सोयीची जागा नाही. टायफस म्हणजे उवांतून पसरणारा ताप, हे १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी दाखवले. तोवर तो ‘दुष्काळी ताप’ होता, कारण भूक आणि गर्दी वाढली की तो हटकून येई.

म्हणूनच नुसत्या उपदेशाने काही हलले नाही. पाद्र्याने स्वच्छतेवर प्रवचन दिले तरी उकिरडा हलवणाऱ्याच्या ताटातला बटाटा कमी होणार, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये पटकी आपल्याकडून गेली असे वाचले. खरे का? आणि खेड्यांनी काय केले? (एक वाचक, सावंतवाडी)

साथ बंगालमधून निघाली. १८१७ मध्ये पेंढारी आणि मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेवर असलेल्या गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेला तिने बुंदेलखंडात गाठले आणि १८१८ मध्ये ती मुंबईत पोचली. दुसरी लाट इराण, रशिया, हॅम्बर्ग अशी फिरत १८३१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या संडरलंड बंदरात आणि डिसेंबरात स्कॉटलंडच्या हॅडिंग्टनला आली. आपला कोकणी-मराठी ‘मोडशी’ हा शब्द तिच्याही आधी परदेशी गेला होता. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले, आणि फ्रेंचांनी त्याचा भलताच अर्थ लावून ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याची मौत, करून टाकले.

उत्तरेकडच्या ईस्टर रॉस भागात १८३२ मध्ये पोर्टमाहोमॅक या कोळ्यांच्या गावातली पाचातली एक व्यक्ती गेली आणि त्याहून लहान इन्व्हर गावातली जवळजवळ निम्मी. ही नोंद शेजारच्या क्रोमार्टीच्या ह्यू मिलर यांची. ते त्या वेळी दगड घडवण्याचे काम करत, पुढे भूगर्भशास्त्रावरचे लेखक म्हणून गाजले. क्रोमार्टीच्या लोकांनी गावाच्या वाटांवर पहारे बसवले. येणाऱ्या प्रत्येकाला गंधकाची आणि ब्लीचिंग पावडरची धुरी दिल्याशिवाय आत सोडत नसत. (ब्लीचिंग पावडरही स्कॉटलंडचीच. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी तिचे पेटंट १७९९ मध्ये घेतले.) गल्ल्यांत डांबर जाळले. तरी पटकी शिरली. मिलर सांगतात की विक बंदरात मेलेल्या कोळ्याचे कपडे जाळायचा हुकूम झाला होता, पण त्याच्या भावाने त्यांतले चांगले कपडे लपवून पेटीतून घरी आणले, महिनाभराने पेटी उघडली, आणि पहिला तोच गेला.

हा दोष पूर्णपणे त्या पेटीवर टाकावा असे आम्हाला वाटत नाही. पटकीचा जंतू कोरड्या कापडावर लवकर मरतो, ओलसर मळक्या कापडावर काही दिवस तग धरतो. महिना फार झाला. हेरिंग माशांच्या हंगामात विकहून माणसे सतत ये-जा करत होती, आणि ज्याला लक्षणे नाहीत पण पोटात जंतू आहे अशा माणसाला गंधकाची धुरी काय करणार? पहारा वाटेवर होता. विहिरीवर कोणी नव्हते.

निग गावच्या चर्चच्या आवारात ‘पटकीचा दगड’ आजही आहे. साथ धुक्याच्या लहानशा ढगासारखी तरंगत असताना चर्चच्या एका वडीलधाऱ्याने तिला कापडात पकडून तिथे पुरले, असे सांगतात. रोग हवेतून, दुर्गंधीतून येतो हे त्या काळचे मत या गोष्टीत जसेच्या तसे दिसते. लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी पाण्याकडे बोट दाखवायला १८४९ उजाडले.

याच साथीत, मे १८३२ मध्ये, लीथ बंदरातले डॉक्टर थॉमस लॅटा यांनी एक काम केले, ते प्रत्येकाला माहीत असायला हवे. मरणाच्या दारातल्या म्हातारीच्या शिरेतून त्यांनी कोमट मिठाचे पाणी सोडले. प्रमाण : सुमारे ३ लिटर पाण्यात ८ ते १२ ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅमच्या आसपास खायच्या सोड्याच्या जातीचा क्षार. अर्ध्या तासात तेवढे पाणी आत गेले आणि खोल गेलेले डोळे, निळे ओठ पूर्ववत झाले. डॉक्टर घरी गेले, जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिले गेले नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली. चुकले ते इथे : जितके पाणी अंगातून जाते तितके देत राहावे लागते. त्यात पाणी निर्जंतुक नव्हते आणि उपाय केला जाई तो रोगी हाताबाहेर गेल्यावरच. पद्धत मागे पडली. पटकीच्या रोग्यांच्या रक्ताच्या ज्या विश्लेषणावर लॅटा यांनी हे केले ते डॉक्टर ओ’शॉनेसी यांचे. ते पुढे कलकत्त्यात आले आणि भारतातल्या तारायंत्राचे काम त्यांनीच उभे केले.

प्रश्न : इंग्लंडचा १८४८ चा आरोग्य कायदा स्कॉटलंडला का लागू नव्हता? खेड्यात जबाबदार कोण? (एक विद्यार्थिनी, पुणे)

कारण डॉक्टरांचा वाद, आणि तो पोकळ नव्हता. लंडनचे एडविन चॅडविक म्हणत, ताप घाणीतून येतो, गटारे बांधा. एडिंबराचे प्राध्यापक विल्यम पल्टनी अ‍ॅलिसन म्हणत, ताप उपासमारीच्या वाटेने पसरतो, आधी गरिबांना आधार द्या. शिवाय लंडनच्या आरोग्य मंडळाचा हुकूम स्कॉटिश डॉक्टरांना नको होता. आमच्या मते टायफसपुरते अ‍ॅलिसन बरोबर होते आणि विषमज्वर-पटकीपुरते चॅडविक, जरी दोघांनाही जंतू ठाऊक नव्हता.

मग खेड्यात १८४५ च्या गरीब-साहाय्य कायद्याने तयार झालेली पॅरिश मंडळेच पुढे आली. (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर.) त्यांत जमीनदार, चर्चचे प्रतिनिधी आणि करदात्यांनी निवडलेले लोक. वर एडिंबरात देखरेख मंडळ. १८६७ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने गटार, पाणी, उकिरडा सगळे याच पॅरिश मंडळाच्या गळ्यात टाकले. अडचण उघड आहे : कर बसवायचा त्यांनीच आणि भरायचाही त्यांनीच. गरिबांची नोंद ठेवणारा कारकूनच थोड्या जास्त पगारावर ‘सॅनिटरी इन्स्पेक्टर’ होई. ज्या जमीनदाराच्या घरात तो भाड्याने राहतो त्याच्याच चाळीविरुद्ध त्याने अहवाल कसा लिहायचा? साथ आली की देखरेख मंडळ आपला माणूस धाडी. १८७३ पासून हे काम एडिंबराचे आरोग्य अधिकारी हेन्री लिटलजॉन यांच्याकडे होते.

खरा फरक १८८९ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने पडला. प्रत्येक काउंटीला (जिल्ह्याला) पात्रता असलेला आरोग्य अधिकारी आणि इन्स्पेक्टर नेमणे भाग पडले, आणि त्याचा पगार एकट्या गावच्या जमीनदारावर अवलंबून राहिला नाही. ज्या वस्तीत ७०० माणसे असत तिला १८६२ च्या कायद्याने स्वतःची नगरव्यवस्था मागता येई. त्याहून लहान गावांना तो मार्ग बंद होता.

प्रश्न : मी पाणीपुरवठ्याच्या कामावर होतो. झऱ्याचे पाणी गावात आणण्याची त्यांची पद्धत तपशिलाने सांगाल का? कुठे फसत असे? (निवृत्त ओव्हरसियर, चिपळूण)

आपल्या कोकणातल्या नळपाणी योजनेशी हे काम पुष्कळ मिळतेजुळते आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी झरा मोजायचा, तोही कोरड्या हंगामाच्या शेवटी. भर पावसानंतर मोजलेला झरा फसवतो. समजा १० लिटरची बादली एका मिनिटात भरते. दिवसाचे १४,४०० लिटर झाले. माणशी ४५ लिटर धरले तर ३०० वस्तीला १३,५०० लागतात. म्हणजे जेमतेम पुरेल, गुरांना उरणार नाही.

मग झऱ्याच्या तोंडाशी खणत मागे जायचे, पाणी खडकातून किंवा घट्ट थरातून जिथे निघते तिथपर्यंत. दलदलीच्या वरच्या पृष्ठभागावरचे पाणी घेतले की ते तपकिरी येते आणि पावसात गढूळ होते. तिथे दगडी किंवा विटांची बंद कोठी बांधायची, मागची बाजू पाण्यासाठी मोकळी, बाकी तीन बाजूंनी मळलेल्या चिकणमातीचा जाड थर ठोकून बसवायचा. वर झाकण, वरच्या अंगाला पावसाचे पाणी वळवणारा चर, मेंढ्या येऊ नयेत म्हणून कुंपण. आत पाइपाचे तोंड तळापासून वीतभर वर, म्हणजे गाळ खाली राहतो. त्याला तांब्याची जाळी. जादा पाण्याला वेगळी वाट हवीच. ती नसली तर कोठीत पाणी तुंबते आणि झरा दुसरीकडून फुटतो. चिकणमाती नीट न ठोकल्यानेही असेच नुकसान होई.

पाइप बिडाचे. एकाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचे, फटीत सणाची दोरी ठोकायची, मग वितळलेले शिसे ओतून छिन्नीने घट्ट करायचे. बीड डोंगरातल्या मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या, पाण्यात आतून गंजते, गाठी धरतात आणि काही वर्षांत धार अर्ध्यावर येते, म्हणून पाइप गरम करून डांबराच्या लुकणात बुडवलेले घ्यायचे. खोली अडीच ते तीन फूट, कारण त्याहून वर थंडीत पाणी गोठून पाइप फुटतो. चर टेकडीवरून जात असेल तर उंचवट्यावर हवा अडकते आणि वर झरा वाहत असूनही खाली तोटी कोरडी राहते. तिथे हवा सोडायची व्हॉल्व्ह बसवायची, आणि सखल जागी गाळ काढायची. टाकी गावाच्या वर. दर १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो दाब मिळतो, त्यामुळे फार उंच टाकीही बरी नाही, सांधे गळतात. झरा रात्री वाहतो आणि माणसे सकाळ-संध्याकाळ पाणी भरतात, म्हणून निदान रात्रीचे दहा तासांचे, या हिशेबाने ६,००० लिटर साठले पाहिजे. दोन दिवसांचा साठा ठेवणारे शहाणे.

रस्त्यावर ओतीव लोखंडाचे खांबनळ. सिंहाच्या तोंडातून पाणी पडते असे पुष्कळ नळ किलमारनॉकच्या ग्लेनफील्ड कारखान्याचे. हात सोडला की आपोआप बंद होणारी त्यांची तोटी नासाडी रोखे. थंडीत मात्र लोक पाणी गोठू नये म्हणून तोटी दगड लावून उघडीच ठेवत, आणि सकाळी टाकी रिकामी.

आता सर्वांत वाईट चूक. मुख्य पाइप बिडाचा, पण घरापर्यंत शिशाचा. पीटमधून आलेले मऊ, आम्लधर्मी पाणी शिसे विरघळवते. चुनखडीतले जड पाणी शिशावर थर धरते आणि त्याला झाकते, म्हणून एका गावात शिशाने काही होत नाही आणि दुसऱ्यात माणसे आजारी पडतात. एडिंबराचे विषतज्ज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी यावर बारीक प्रयोग केले होते. घासून चकचकीत केलेली शिशाची पट्टी त्या पाण्यात काही दिवस ठेवायची. पांढरे कण सुटू लागले तर तिथे शिसे वापरायचे नाही. पोटात पिळवटणाऱ्या कळा, बद्धकोष्ठ, हिरड्यांवर निळसर रेघ, शेवटी मनगट लुळे, ही लक्षणे. रात्रभर पाइपात राहिलेले पहिले पाणी सर्वांत घातक.

आणि पैसा. १८६७ च्या कायद्याने गावापुरता ‘विशेष पाणीपुरवठा विभाग’ करता येई. कर त्याच विभागावर. ज्या शेतकऱ्याची स्वतःची विहीर आहे तो म्हणे, मी दुसऱ्याच्या तोटीचे पैसे का भरू? सीमारेषा कुठून काढायची यावरच वर्षे जात. एकदा पाणी आले की वापर वाढे आणि सांडपाणी जुन्याच ढिगावर पडे. आधी झिरपणारा उकिरडा आता वाहू लागे. नळाबरोबर गटार न बांधणे ही चूक आपल्याकडेही नवी नाही.

प्रश्न : दुधातून विषमज्वर येतो हे त्यांना कधी कळले? (एक वाचक, सांगली)

उत्तर इंग्लंडच्या पेनरिथमधले डॉक्टर मायकेल टेलर यांनी १८५७ च्या साथीवरून ते दाखवले. कारण साधे : उकिरड्याशेजारच्या विहिरीच्या पाण्याने दुधाची भांडी धुतली जात, किंवा दूध काढणारीच घरातल्या रोग्याची सेवा करत असे. दुधात तो जंतू मजेत वाढतो. १८८५ मध्ये गोठे आणि दूधविक्रीसाठी नियम आले. नोंदणी, पाण्याची सोय आणि संसर्ग असलेल्या माणसाला दुधापासून लांब ठेवणे हा त्यांचा मुख्य भाग.

प्रश्न : खरजेला काय करत? (एक वाचक, बीड)

गंधकाची बारीक पूड डुकराच्या चरबीत किंवा लोण्यात खलून गळ्यापासून तळपायापर्यंत रात्री चोळायची, सलग काही रात्री. औषध बरोबर होते. फसायचे ते दोन कारणांनी. एकट्या खाजणाऱ्यालाच चोळत, घरातले बाकीचे तसेच, आणि खाट एकच. दुसरे म्हणजे किडा मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहते, म्हणून औषध लागू नाही समजून सोडून देत किंवा अतिरेक करून कातडी सोलून घेत.

प्रश्न : सेंट किल्डा बेटावर तान्ही मुले आठव्या दिवशी मरत, ते काय होते? (एक परिचारिका, नाशिक)

नवजात धनुर्वात. बाळ चार-पाच दिवस चांगले अंगावर पिते, मग जबडा धरतो, पिता येत नाही, अंग धनुष्यासारखे ताठते. एकोणिसाव्या शतकाच्या मोठ्या काळात या बेटावर जन्मलेली निम्म्याहून अधिक बाळे अशी गेली. आयांनी बाळाचे कपडे आधी शिवायचे नाहीत अशी मनाची तयारी केलेली असणार, असे वाटून जीव तुटतो.

धनुर्वाताचा जंतू शेणात आणि खतावलेल्या मातीत बीजरूपाने वर्षानुवर्षे राहतो. बेटावरच्या जुन्या घरांत हिवाळाभराचे खत घरातच साठवत. नाळ कापलेल्या जागी फुलमार या समुद्रपक्ष्याचे तेल लावायची चाल होती, आणि ते तेल समुद्रपक्ष्याच्या वाळवलेल्या पोटाच्या पिशवीत ठेवत, असेही सांगतात. दोष तेलाचाच होता हे सिद्ध झालेले नाही. खताने माखलेले हात, सुरी आणि फडके एवढे पुरेसे आहे.

जंतू निकोलायर यांनी १८८४ मध्ये पाहिला आणि किटासाटो यांनी १८८९ मध्ये वेगळा काढला. त्याच सुमारास बेटावर आलेले पाद्री अँगस फिडीस यांनी ग्लासगोच्या डॉक्टरांकडून नाळेची जंतुनाशक मलमपट्टी शिकून घेतली आणि सुईणपणात ती लागू केली. १८९० च्या दशकात हे मृत्यू थांबले. नवी इमारत नाही, नवे औषध नाही : धुतलेले हात, स्वच्छ धारेचे पाते, जंतुनाशकात बुडवलेला दोरा, कोरडे स्वच्छ फडके. नाळेवर शेण किंवा राख लावण्याची चाल आपल्या खेड्यांतही होती. भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यात आईला दिलेल्या लशीचा आणि आपल्यासारख्या परिचारिकांचा मोठा वाटा आहे.

प्रश्न : पाण्याशिवाय चालणारा ‘मातीचा संडास’ तिथे होता का? शेतावर करता येईल का? (एक शेतकरी, कणकवली)

हेन्री मूल या इंग्लंडमधल्या पाद्र्यांनी १८६० मध्ये त्याचे पेटंट घेतले. हिंदुस्थानातल्या छावण्या आणि तुरुंगांतही तो आला. बैठकीखाली बादली, मागे कोरड्या मातीची पेटी. दांडा ओढला की दीड पाइंट, म्हणजे साधारण पाऊण-एक लिटर माती मैल्यावर पडते. सहा माणसांच्या घराला दिवसाला ५-६ किलो, महिन्याला दीड-पावणेदोनशे किलो. माती बागेतली, थोडी चिकण, चाळलेली आणि अगदी कोरडी. वाळू चालत नाही, ती वास धरून ठेवत नाही. लघवी शक्यतो वेगळी वळवायची आणि धुण्याचे पाणी कधीही आत टाकायचे नाही. चिखल झाला की माश्या आणि दुर्गंधी दोन्ही येतात.

स्कॉटलंडमध्ये हा मागे पडला तो मातीमुळेच. तिथल्या हवेत एवढी माती वाळवायची तर जळण लागे. खाणकामगारांच्या चाळींत कोळशाची राख मुबलक, म्हणून राखेचे खड्डे चालले, पण ते कोणी वेळेवर उपसत नसे. आपल्याकडे ऊन आहे. उन्हाळ्यात माती वाळवून छपराखाली वर्षभराची साठवा. मूल म्हणत की तीच माती वाळवून पुन्हा पुन्हा वापरता येते. ते करू नका, जंताची अंडी तीत महिनोन्महिने जिवंत राहतात. ढीग झाकून निदान वर्षभर ठेवा, आणि पालेभाजीला न घालता झाडांच्या बुंध्याला घाला. मैल्याचे सोनखत कसे करावे याचे प्रयोग अप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्याच गावच्या गोपुरी आश्रमात केले. तिथे जाऊन पाहावे.

प्रश्न : मी एडिंबरात शिकतो. हा इतिहास प्रत्यक्ष कुठे पाहता, वाचता येईल? (एक विद्यार्थी)

लुईस बेटावर आर्नोल गावचे ४२ नंबरचे काळे घर जसेच्या तसे जपले आहे. त्यात माणसे १९६० च्या दशकापर्यंत राहत होती. गोठ्याच्या बाजूचा उतार पायाला जाणवतो का पाहा. इन्व्हरला पटकीत गेलेल्यांचा स्मृतिदगड आहे, आणि निगचा दगड वर सांगितलाच.

वाचायला पॅरिशवार अहवाल घ्या. पहिला संच १७९० च्या दशकातला, दुसरा १८३४ ते १८४५ चा. बहुतेक गावच्या पाद्र्यांनी लिहिले. दोन्हींत एकाच गावाचे पान शेजारी ठेवा. हिवतापाचा उल्लेख पहिल्यात असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर मधल्या काळात तिथली पाणथळ जमीन निचरा करून नांगराखाली आली का ते तपासा. मात्र पाद्र्याचे घर आणि पगार जमीनदारांच्या खर्चाने चाले, त्यामुळे चाळींबद्दल तो मवाळ लिहितो हे ध्यानात ठेवा.

मृत्यूची सक्तीची नोंद १ जानेवारी १८५५ पासून आहे. मरणाचे कारण आणि आजार किती दिवस चालला हे त्यात मिळते. उत्तरेकडच्या आणि बेटांवरच्या नोंदींत पुष्कळदा डॉक्टरचा दाखला नसतो, कारण जवळपास डॉक्टरच नव्हता. तिथे ‘ताप’ एवढेच लिहिलेले दिसले तर टायफस की विषमज्वर हे ठरवायची घाई करू नका. त्याच घरातल्या, त्याच महिन्यातल्या बाकीच्या नोंदी आधी काढा, मग त्या घराची विहीर जुन्या नकाशावर शोधा.